तंबाखूच्या पानात सापडलेला पहारेकरी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाबांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. जिना चढताना धाप लागते, एवढीच तक्रार. तिथे त्यांना एका नळीत जीव खाऊन फुंकायला सांगितलं, तीन वेळा. स्क्रीनवर आलेख उमटला. निरोगी माणसाचा आलेख झटकन वर जातो आणि तिरक्या सरळ रेषेत खाली येतो. बाबांचा वर गेला तो लगेच खचला आणि मग रांगत रांगत तळाला आला. डॉक्टर म्हणाले, "सीओपीडी." बाबांनी ३४ वर्षं सिगारेट ओढली होती. सोडून दोन वर्षं झाली होती.

येताना रिक्षात ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं काही झालं नाही रे. म्हणजे शरीर आतून काहीतरी करतच असेल ना? मग ते आत्ताच का थांबलं?"

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन वर्षं नीट चाललेला सर्व्हर आज का बसला, हा प्रश्न आमच्याकडे नेहमीचा. अशा वेळी आम्ही अंदाज बांधत नाही, जुने लॉग उघडतो. बाबांच्या प्रश्नासाठीही मी तेच केलं. फक्त हे लॉग दोनशे वर्षांपर्यंत मागे गेले. मी वाचायला बसलो याला आणखी एक कारण होतं. ते शेवटी सांगतो.

पानाच्या ढिगाऱ्यात

लहानपणी गुडघा फुटला की घरात एक बाटली निघायची. त्यातलं पाणी जखमेवर टाकलं की पांढरा फेस यायचा. ते पाणी म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १८१८ साली पॅरिसमध्ये लुई तेनार या रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा तयार केलं. प्राण्यांच्या शरीरातल्या ऊतींशी संबंध आला की ते फसफसून फुटतं, पाणी आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हेही त्याने पाहिलं होतं. पण ते फोडतं कोण, हे पुढची ८० वर्षं कुणाला सांगता आलं नाही. सगळ्याच एन्झाइमांना हा गुण असतो, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता.

उत्तर मिळालं ते तंबाखूत. ऑस्कर लोव नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्यात काम करत होता. तंबाखूचं पान शेतातून काढल्याबरोबर ओढण्याच्या लायकीचं नसतं. ते वाळवतात, मग ढीग रचून मुरवतात. ढिगाच्या पोटात ऊब धरते, पानाचा रंग गडद होतो, वास पालटतो. हे जिवाणूंचं काम, असं काही शास्त्रज्ञ म्हणत. लोवचं म्हणणं होतं की पानातलीच एन्झाइमं हे करतात. ते तपासताना त्याला पानात एक असं एन्झाइम आढळलं, जे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं आणि बाकी एन्झाइमांपेक्षा वेगळं आहे. त्याने त्याला नाव दिलं कॅटालेज. १९०१ साली शेती खात्याने त्याचा अहवाल छापला. हे एन्झाइम फक्त तंबाखूत नसून वनस्पती आणि प्राण्यांत सर्वत्र आहे, हे त्याने त्यात मांडलं होतं. श्वसनाच्या ओघात पेशीत पेरॉक्साइड तयार होत असणार, ते पेशीला विषारी आहे, आणि कॅटालेज ते विष उतरवतं, असा त्याचा तर्क होता.

तर्क बरोबर निघाला. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो. आपल्या रक्तात, यकृतात, फुप्फुसात हे एन्झाइम आहे. सिगारेटचा धूर आत आला की जे पहारेकरी पुढे होतात त्यांतला हा एक. आणि त्याचं बारसं झालं ते तंबाखूच्या पानावर.

ऑक्सिजनचं दुसरं तोंड

पण पेशीत हे विष मुळात तयार का व्हावं? हा प्रश्न बराच काळ बाजूला पडून होता. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. तो घातक असू शकतो हे पचायला जड होतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर काही दिवसांत फुप्फुसं सुजून मरतात, हे मात्र प्रयोगशाळांना माहीत होतं.

१९५४ साली रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात काम करताना एक धाडसी विधान केलं. जास्त ऑक्सिजनने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा या दोन्हींची वाट एकच आहे, ती म्हणजे फ्री रॅडिकल.

इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटा उरतो, तो फ्री रॅडिकल. असे बहुतेक रेणू शेजारच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग शेजारी एकटा पडतो, तो पुढच्याला ओढतो. पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे वाटेत येईल ते खराब होत जातं. गर्शमन यांचं म्हणणं तेव्हा बहुतेकांच्या गळी उतरलं नाही. इतके आक्रमक रेणू जिवंत पेशीत तयार होत असतील आणि तरी पेशी जगत असेल, तर त्यांना आवरणारं काहीतरी तिथे हवं. ते 'काहीतरी' कुणी पाहिलेलं नव्हतं.

सिगारेटच्या पैशावर उभं विद्यापीठ

ते सापडलं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरॅम गावात. हे गाव तंबाखूचं. १८८० च्या दशकात इथल्या ड्यूक कुटुंबाने जेम्स बॉन्सॅकने बनवलेलं सिगारेट वळायचं मशीन आपल्या कारखान्यात आणलं. हाताने वळणारा कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी करायचा; मशीन दोनशेच्या आसपास करू लागलं. सिगारेट स्वस्त झाली आणि घराघरात पोचली. जेम्स ड्यूक अमेरिकेचा तंबाखूसम्राट झाला. १९२४ साली त्याने मोठी देणगी दिली आणि डरॅमच्या ट्रिनिटी कॉलेजचं ड्यूक विद्यापीठ झालं.

याच विद्यापीठात १९६८ च्या सुमारास अर्विन फ्रिडोविच यांच्या प्रयोगशाळेत जो मॅकॉर्ड हा विद्यार्थी एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीशी झगडत होता. त्याच्या एका रासायनिक अभिक्रियेत ठरावीक प्रथिन टाकलं की अभिक्रिया मंदावायची. पण ते प्रथिन जितकं शुद्ध करावं तितका परिणाम कमी व्हायचा. म्हणजे काम त्या प्रथिनाचं नव्हतंच. त्यात भेसळ होती आणि ती भेसळच खरं काम करत होती. आमच्या भाषेत, बग दुसऱ्याच लायब्ररीत होता.

मॅकॉर्डने ती भेसळ गाईच्या रक्तातून वेगळी काढली. ते निघालं निळसर हिरवं, तांबं असलेलं प्रथिन. १९३० च्या दशकाच्या शेवटी केंब्रिजमध्ये मान आणि कीलिन यांनी हेच प्रथिन वेगळं केलं होतं, त्याला नाव दिलं होतं, आणि त्याचं काम काय ते न कळल्याने ते तीस वर्षं नुसतं नाव होऊन राहिलं होतं. आता काम कळलं. ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की सुपरऑक्साइड नावाचा फ्री रॅडिकल तयार होतो. हे एन्झाइम त्याचा निकाल लावतं. १९६९ साली शोधनिबंध छापून आला आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे लांबलचक नाव रूढ झालं. आपण त्याला एसओडी म्हणू.

गर्शमन यांच्या विधानाला आता आधार मिळाला. सुपरऑक्साइड आवरायला एक खास एन्झाइम जवळजवळ प्रत्येक पेशीत तैनात आहे, म्हणजे सुपरऑक्साइड तिथे तयार होतच असणार.

एसओडीच्या कामात एक मेख आहे. सुपरऑक्साइड संपतं, पण त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेच फेसवालं. ते तसंच पडून राहिलं आणि मोकळं लोह भेटलं, तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो. तो इतका आक्रमक की त्याला आवरणारं एन्झाइमच शरीराकडे नाही. म्हणून पेरॉक्साइड ताबडतोब पुढच्या हातात जावं लागतं. तिथे लोवचं कॅटालेज उभं असतं, आणि त्याच्या जोडीला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. हे १९५७ साली गॉर्डन मिल्स यांना लाल रक्तपेशींत सापडलं. त्याला सेलेनियम लागतं हे १९७३ मध्ये कळलं. ते पेरॉक्साइडचं पाणी करतं, पण त्यासाठी ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू खर्च करतं.

म्हणजे ही साखळी आहे. एक जण झेलतो, दुसरा निकामी करतो. एकच कडी वाढवून भागत नाही.

एका झुरक्याचा हिशेब

फुप्फुसात ही साखळी खूप राबते, कारण बाहेरची हवा थेट तिथे येते. १९७४ साली क्रेपो आणि टिअर्नी यांनी उंदरांना आधी आठवडाभर ८५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं. मग तेच उंदीर १०० टक्के ऑक्सिजनमध्ये तगले, ज्यात एरवी ते तीन दिवसांत मरतात. त्यांच्या फुप्फुसांतलं एसओडी वाढलं होतं. धोका पाहून फुप्फुस पहारा वाढवू शकतं, याचा हा पुरावा होता.

१९८२ मध्ये स्वीडनच्या स्टेफान मार्कलुंड यांना एसओडीचा आणखी एक प्रकार सापडला, जो पेशींच्या आत न राहता पेशींच्या मधल्या जागेत राहतो. त्यांनी तो वेगळा केला माणसाच्या फुप्फुसातून. १९८७ मध्ये अमेरिकेत वायुकोशांच्या आतल्या पातळ द्रवाचा थर तपासला गेला. त्यात ग्लुटाथायोन रक्तद्रवापेक्षा सुमारे १४० पट निघालं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तर ते आणखी जास्त होतं.

आता समोरची बाजू. १९८५ साली लुइझियानातले चर्च आणि प्रायर यांनी सिगारेटच्या धुरातल्या फ्री रॅडिकलांचा हिशेब मांडला. एका झुरक्याच्या वायूत साधारण एकावर पंधरा शून्यं इतके. एका झुरक्यात! वायूतले रॅडिकल क्षणजीवी असतात, पण धूर पुढे सरकताना नवे तयार होत राहतात. टारमधले टिकाऊ असतात. टार ओल्या पृष्ठभागावर बसतं आणि ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड बनवत राहतं. म्हणजे सिगारेट विझवून माणूस डेस्कवर परत आला, तरी आतलं काम चालूच असतं.

वर शरीराची स्वतःची भर. धूर आला की झाडू मारणाऱ्या मॅक्रोफेज पेशी वायुकोशांत गर्दी करतात, पाठोपाठ पांढऱ्या पेशी येतात. शत्रूला मारायला त्या स्वतः सुपरऑक्साइड सोडतात. धूर हा काही मरणारा जंतू नव्हे. मारा होतो तो घरातल्या भिंतींवर.

१९९० मध्ये सिगारेट ओढणाऱ्यांच्या मॅक्रोफेज पेशी तपासल्या गेल्या. त्यांत एसओडी आणि कॅटालेज वाढलेलं आढळलं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मात्र तेवढंच राहिलं होतं. बाबा म्हणत होते ते खरं होतं. शरीर आत काहीतरी करतच होतं.

भिंत कशी पडते

मग पडझड कुठे होते? याचा धागा १९६३ साली स्वीडनच्या माल्मो शहरात मिळाला. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि तरुण डॉक्टर स्टेन एरिक्सन रक्तातल्या प्रथिनांच्या चाचणीच्या पट्ट्या पाहत होते. सुमारे १,५०० पट्ट्यांपैकी ५ पट्ट्यांवर एक ठरावीक पट्टा गायब होता, आणि त्या पाचांतल्या काहींना फुप्फुसाचा आजार होता. गायब प्रथिन होतं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचं एन्झाइम सोडतात, जे फुप्फुसाचे लवचीक तंतू कापतं. अल्फा-१ त्या कात्रीला म्यान घालतं. जन्मतःच म्यान नसेल, तर वायुकोशांच्या भिंती तुटत जातात. छोट्या छोट्या फुग्यांचे मोठे ढिले फुगे होतात. यालाच एम्फिसीमा म्हणतात, आणि सीओपीडीचा तो एक मोठा भाग आहे.

पण बाबांसारख्या लाखोंच्या रक्तात म्यान असतं, तरी त्यांना हा आजार होतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी एक उत्तर आलं. धुरातले ऑक्सिडंट अल्फा-१ रेणूच्या नेमक्या कामाच्या जागेवरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लावर हल्ला करतात. त्यानंतर म्यान जागेवर असतं, पण कात्रीला बसत नाही. आजाराची ही एकच वाट नाही, पण इथे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या: पहारा कमी पडला की ऑक्सिडंट उरतात, आणि उरलेले ऑक्सिडंट कात्री मोकळी सोडतात.

मग पहारा वाढवायचा हुकूम कोण देतं? १९९० च्या दशकात एनआरएफ-२ नावाचं प्रथिन समोर आलं. एरवी ते पेशीत बांधून ठेवलेलं असतं. ऑक्सिडंट वाढले की सुटतं, केंद्रकात जातं आणि संरक्षक एन्झाइमांची जनुकं एकदम चालू करतं. २००४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात श्याम बिस्वाल यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना सहा महिने सिगारेटचा धूर दिला. साध्या उंदरांपेक्षा त्यांना एम्फिसीमा लवकर आणि जास्त झाला. चार वर्षांनी याच गटाला दिसलं की सीओपीडीच्या रुग्णांच्या फुप्फुसांत एनआरएफ-२ घटलेलं आहे. म्हणजे हुकूम देणाराच थकलेला.

"शेजारचे काका ऐंशीव्या वर्षीही ओढतात, त्यांना काही नाही" याचाही एक तुकडा इथे आहे. २००६ मधल्या कोपनहेगनच्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ज्यांच्यात मार्कलुंड यांच्या एसओडीचं एक ठरावीक दुर्मीळ रूप होतं, त्यांना सीओपीडीचा धोका कमी दिसला. काकांचा पहारा जन्मापासून थोडा मोठा असूही शकतो. पण ही लॉटरी आहे, आणि तिकिटावर नंबर काय आहे ते ओढणाऱ्याला दिसत नाही.

गोळीचा मोह

हे सगळं वाचल्यावर डोक्यात जे येतं, ते शास्त्रज्ञांच्याही डोक्यात आलं. पहारा कमी पडतोय ना? मग बाहेरून अँटिऑक्सिडंट द्या.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. पाच ते आठ वर्षं. १९९४ साली निकाल लागला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त! अमेरिकेत अशीच आणखी एक चाचणी १८,००० हून अधिक लोकांवर चालू होती. तिथेही कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त दिसू लागला आणि १९९६ च्या जानेवारीत ती ठरल्याआधीच थांबवावी लागली. २००५ साली एन-ॲसिटिलसिस्टीन या ग्लुटाथायोन वाढवणाऱ्या औषधाने सीओपीडीच्या रुग्णांच्या फुप्फुसाची घसरण थांबते का, हे तीन वर्षं तपासलं गेलं. घसरण थांबली नाही. २०१४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फुप्फुसात गाठी व्हायला लागलेल्या उंदरांना तेच औषध किंवा ई जीवनसत्त्व दिलं, तेव्हा गाठी झपाट्याने वाढल्या. फ्री रॅडिकल कमी झाल्यावर कर्करोगाच्या पेशींनाही सुखाचे दिवस आले होते.

एन्झाइमं आणि गोळी यांत फरक आहे. एन्झाइम योग्य जागी उभं असतं, तेच काम पुन्हा पुन्हा करतं, आणि पुढच्या कडीशी बांधलेलं असतं. गोळी सगळीकडे जाते आणि तिला कोण आपलं, कोण परकं ते कळत नाही.

बाबांचं उत्तर

एका रविवारी सकाळी चहा घेताना मी बाबांना सांगितलं. पहारा थांबला नव्हता. तीस वर्षं तो रोज जादा पाळी करत होता, आणि रोज थोडं थोडं त्याच्या हातून सुटत होतं. फुप्फुसात जागा भरपूर असते, म्हणून सुटलेलं कळत नाही. जिना चढताना कळलं, तोवर बरंच गेलं होतं. तुटलेल्या भिंती परत उभ्या राहत नाहीत.

"मग सोडून काय उपयोग झाला?" त्यांनी विचारलं.

त्याचंही उत्तर लॉगमध्ये होतं. १९७७ साली फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनमधल्या कामगार पुरुषांना आठ वर्षं तपासून मांडलं होतं: गेलेलं परत येत नाही, पण सिगारेट सोडली की पुढची घसरण जवळजवळ कधीच न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. धूर थांबला की पहाऱ्याला पुन्हा आपल्या ताकदीपुरतं काम उरतं. बाबांनी दोन वर्षांपूर्वी सोडली नसती, तर आलेख अजून खाली असता. हे ऐकून ते काही बोलले नाहीत, पण बशीतली दोन बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

मग मी ते दुसरं कारण सांगितलं. ऑफिसबाहेरच्या टपरीवर सहा वर्षं मीही ओढतोय. दिवसाला चार, रिलीजच्या आठवड्यात दहा. ड्रॉवरमध्ये अँटिऑक्सिडंटची बाटली आहे. रोज सकाळी एक गोळी घेतो आणि हिशेब बरोबर झाला असं मानतो. इतके दिवस वाचत होतो ते त्यांच्या प्रश्नासाठी, आणि त्या गोळीच्या बाजूने काही सापडतंय का ते पाहायलाही.

बाबांनी कप खाली ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या वयाचा असताना मला कुणी सांगितलं असतं, तरी मी ऐकलं नसतं. पण तू तर स्वतःच वाचलंयस."

ती बाटली मी टाकून दिली. आज टपरीवर गेलो तो फक्त चहा प्यायला. हा अठ्ठेचाळिसावा दिवस आहे.